टीव्ही उघडण्याआधी भिंतीतली वीज मोजा

प्रति,
टीव्हीच्या दुरुस्तीसाठी घरोघरी जाणारे तंत्रज्ञ, त्यांना पाठवणारी सेवा केंद्रं आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या यांस,



मी लालबागला राहते. माहेर गिरगावातलं, नातेवाईक परळ-दादरला विखुरलेले. या सगळ्या घरांत टीव्ही बिघडल्यावर काय होतं ते मी गेली काही वर्षं जवळून बघते आहे. तुम्ही येता, टीव्ही भिंतीवरून उतरवता, मागचे स्क्रू काढता आणि आतला कुठला तरी बोर्ड गेल्याचं सांगता. ज्या सॉकेटमधून त्या टीव्हीला वीज मिळते, तिथे मात्र बहुतेक वेळा कुणी बघत नाही. टीव्ही उघडण्याआधी सॉकेटमधली वीज मोजा, एवढीच माझी मुख्य मागणी आहे. ती का करते आहे, हे नीट सांगायला हवं, म्हणून पत्र लांबणार आहे.

आमच्याच घरचं सांगते. टीव्ही संध्याकाळी मध्येच बंद पडायचा आणि काही सेकंदांत आपोआप सुरू व्हायचा. सेट-टॉप बॉक्सही त्याच्याबरोबर पहिल्यापासून सुरू व्हायचा. वॉरंटी संपलेली होती, म्हणून एका सेवा केंद्राला फोन केला. आलेल्या तंत्रज्ञाने पॉवर सप्लायचा बोर्ड बदलला. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. मग मेन बोर्डवर संशय आला. शेवटी, "पॅनेलच गेलंय, दुरुस्तीच्या खर्चात नवा टीव्ही येईल," असा सल्ला मिळाला. खरं तर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स ही दोन वेगळी यंत्रं एकाच क्षणी बंद पडत होती. बिघाड दोघांच्या बाहेर आहे, हे ओळखायला तेवढी खूण पुरेशी होती. पण ती खूण कुणी विचारलीच नाही.

विचारली ती आमच्या चाळीतल्या एका वयस्कर वायरमनने. त्यांचा पहिला प्रश्न होता, "टीव्ही जातो तेव्हा फ्रिज सुरू होतो का?" त्यांनी सॉकेटमध्ये मल्टीमीटरच्या पिना घातल्या आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होईपर्यंत शांतपणे वाट बघितली. कॉम्प्रेसरने झटका घेतला तसा आकडा २३०वरून एकदम खाली आला, थरथरला आणि पुन्हा वर गेला. मग त्यांनी आमच्या खोलीचा मेन स्विच उघडला. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि वायरीचं टोक काळं पडलं होतं. जळका भाग कापून, तार नव्याने सोलून त्यांनी तो स्क्रू घट्ट आवळला. त्यानंतर टीव्ही मध्येच बंद पडलेला नाही. आधी बदललेला बोर्ड मुळात खराब होता की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. जुना बोर्ड आम्हाला दाखवलाही नव्हता.

हे फक्त आमच्याच घरी घडलं असतं, तर मी जाहीर पत्र लिहिलं नसतं. पण लालबाग, परळ, गिरगाव, दादर या भागांत अशी घरं चाळीचाळीला आहेत. शंभर-शंभर वर्षांच्या इमारती, जिन्याखालचा मीटरबॉक्स, तिथून तीन-चार मजले वर चढलेल्या वायरी. कुठे लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग, कुठे अॅल्युमिनियमच्या तारेला पिळून जोडलेली तांब्याची तार, कुठे अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सांध्यांवर हिरवट थर चढतो, स्क्रू ढिले होतात. ज्या काळात खोलीत दोन दिवे आणि एक पंखा असायचा, त्या काळासाठी घातलेल्या वायरीवर आज फ्रिज, गीझर, इंडक्शनची शेगडी, वॉशिंग मशीन आणि एसी चालतो.

सैल सांधा म्हणजे काय, हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण ग्राहक म्हणून मला जो हिशोब समजला तो मांडते. एखाद्या सांध्याला अवघा एक ओहम रोध असला आणि तिथून १० अँपियर वाहिले, म्हणजे गीझर आणि एखादं छोटं उपकरण चालू असलं, की त्या एका जागी १० व्होल्ट कमी होतात आणि १०० वॉटची उष्णता तयार होते. जुन्या शंभरच्या बल्बएवढी शक्ती एका स्क्रूखाली सतत जळत असते. टीव्ही बंद पडणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. त्याच सांध्यावर कधीतरी आग लागू शकते. म्हणून, मध्येच बंद पडणारा टीव्ही बघायला आलेला माणूस सॉकेट न मोजता गेला, तर नुकसान एका बोर्डाच्या किमतीवर थांबेलच असं नाही.

याहून गंभीर प्रकार आहे अनेक खोल्यांचा मिळून असलेला न्यूट्रल तुटण्याचा. इमारतीत वीज तीन फेजने येते. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. सामाईक न्यूट्रल कुठे तुटला, की वेगवेगळ्या फेजवरच्या दोन खोल्या एकामागे एक जोडल्यासारख्या होतात आणि ते ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. ही वाटणी समसमान नसते. ज्या घरात वापर जास्त तिथे व्होल्टेज कमी, आणि ज्या घरात वापर कमी तिथे जास्त. शेजारी २००० वॉटचा गीझर चालू आहे आणि आपल्याकडे फक्त १०० वॉटचा टीव्ही, असं धरलं तर टीव्हीवर ३८० व्होल्टच्या आसपास येतात. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर साधारण ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट येतात. बाहेर ३८० झाले, की तिथे ५३०च्या वर जातात. कपॅसिटर फुगतो, फुटतो. त्याच्याआधी बसवलेला व्हॅरिस्टर काळा पडून फ्यूज उडवतो.

म्हणजे टीव्ही उघडल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पुरावा असतो. काळा पडलेला व्हॅरिस्टर आणि वर फुगलेला कपॅसिटर हे सांगत असतात, की या घरात वीज वाजवीपेक्षा जास्त आली होती. तरीही तुम्ही नवा बोर्ड बसवता आणि त्याच सॉकेटला पिन लावून निघून जाता. पाणी येत नाही म्हणून नळ बदलत राहायचं आणि गच्चीवरच्या टाकीकडे बघायचंच नाही, असं हे झालं. त्या वेळी फक्त एवढं विचारा : "दिवे कधी एकदम प्रखर होतात का? शेजारच्या खोलीत त्याच वेळी मंद होतात का?" हो असं उत्तर आलं, तर टीव्ही बाजूला ठेवा, घरचा मेन स्विच बंद करायला सांगा आणि वायरमनला बोलवायला लावा. बिघाड मीटरच्या आधी असेल तर ते काम वीजपुरवठादाराचं, मीटरच्या नंतर असेल तर इमारतीचं किंवा रहिवाशाचं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईत वीज बेस्टची आहे. तक्रार कुठे करायची हे रहिवाशाला माहीत असतं, पण काय म्हणून करायची, हे त्याला सांगणारं कुणीतरी हवं. त्या क्षणी घरात असलेला जाणकार माणूस म्हणजे तुम्ही.

तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात टेस्टर असतो आणि तो पेटला की "लाइट बरोबर आहे" असं सांगितलं जातं. टेस्टर १५० व्होल्टवरही पेटतो आणि २५० व्होल्टवरही. न्यूट्रल सुटला आहे की नाही, हे तो साध्या तपासणीत सांगत नाही. उलट, घरातलं एखादं उपकरण चालू असताना टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला, तर न्यूट्रल तुटल्याची ती पक्की खूण असते. जुन्या वायरमन लोकांना हे पाठ असतं. नव्या टीव्ही तंत्रज्ञांना हे कुणी शिकवत नाही, असं मला वाटतं. त्यात त्यांचा दोष नाही, शिकवणाऱ्यांचा आहे.

आता माझा सगळ्यात मोठा आक्षेप. सॉकेट मोजलेलं नसताना तुम्ही एका घरी सांगता, की पॅनेल गेलं. आणि दुसऱ्या घरी, टीव्ही वॉरंटीत असताना, तसंच काही न मोजता जॉब शीटवर लिहिता, की व्होल्टेज कमी-जास्त झाल्यामुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही. परळला माझ्या एका नातलगाच्या घरी हेच झालं. लिहिणाऱ्याने मीटर पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. वॉरंटीच्या अटींमध्ये विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान वगळलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मग तो चढउतार दाखवायला नको? महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या सेवा मानकांनुसार घरगुती पुरवठ्यात २३० व्होल्टच्या वर-खाली ६ टक्के चालतात, म्हणजे साधारण २१६ ते २४४. तुमच्या कंपनीच्या टीव्हीवर मागे स्वतः कंपनीनेच बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. हे दोन्ही आकडे समोर ठेवून, मोजलेला तिसरा आकडा शेजारी लिहिलात, आतला काळा पडलेला भाग दाखवलात, तर ग्राहक वाद घालणार नाही. आकडा नाही, पुरावा नाही, फक्त ठरावीक वाक्य आणि सही, हे मात्र अन्यायाचं आहे. सही करणारी बाई किंवा आजोबा इंग्रजीत लिहिलेलं ते वाक्य पुष्कळदा वाचतही नाहीत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झालं, तेव्हा गिरगावच्या आमच्या चाळीत मोजक्या घरांत टीव्ही होते. संचाखाली स्टॅबिलायझर असायचा आणि त्याच्यावर काटा असलेलं छोटं मीटर. चित्र आक्रसलं, कडांना काळं दिसू लागलं, की घरातलं पोरसुद्धा आधी तो काटा बघायचं. दुरुस्तीला येणारे मेकॅनिक लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि टीव्ही थेट मेनला लावण्याआधी सीरिजमध्ये बल्ब लावून बघायचे. बल्ब भगभगला की आत शॉर्ट आहे, हे कळायचं आणि नवा भाग जळायचा वाचायचा. त्यांच्याकडे कंपनीचं ओळखपत्र नव्हतं. पण वीज आणि टीव्ही ही एकच गोष्ट आहे, हे त्यांना मुळातून समजलेलं होतं. बोर्ड बदलण्याची आजची पद्धत वेगवान आहे, हे मान्य. पण त्या वेगात ही समज हरवू देऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे.

स्टॅबिलायझरचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते. वीज खराब आहे असं ग्राहकाने म्हटलं, की लगेच स्टॅबिलायझर घ्या असं सांगितलं जातं. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी टीव्हीला कमी व्होल्टेजसाठी त्याची गरज सहसा नसते. आणि सैल न्यूट्रल तर तो दुरुस्त करूच शकत नाही. सांधा ठिणग्या टाकत असेल, तर आतला रिले नुसता टकटक करत राहतो. जिथे खरोखर वीज वर जाण्याचा धोका आहे, तिथे ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठा तोडणारा आणि थोड्या वेळाने परत जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर उपयोगी पडतो. तसाच स्पाइक गार्ड. आमच्या घरांत तीन पिनांची सॉकेटं असतात, पण वरच्या मोठ्या भोकाला आत वायरच नसते. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डचं निम्मं संरक्षण कागदावरच राहतं. विकताना हे सांगा. आणि कुठल्याही परिस्थितीत सॉकेटमधल्या न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा जोडून "अर्थिंग करून दिलं" म्हणू नका. तो न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट येतो. ओल्या हाताने फ्रिज उघडणारं लहान मूल त्या घरात असतं.

केबलचंही तसंच. गच्चीवरून गच्चीवर गेलेली केबल टीव्हीत खोचताना बोटाला झिणझिण्या येतात, हे या भागातल्या बहुतेकांनी अनुभवलेलं आहे. अर्थिंग नसलेल्या उपकरणांच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह झिरपतो. तो अगदी क्षीण असतो, पण त्या धातूवर मीटर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवू शकतो. चालू टीव्हीत चालू सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर खोचली, तर तेवढ्यावरही पोर्ट जाऊ शकतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीवर चित्रात वर सरकणारे आडवे पट्टे दिसतात, तेही पुष्कळदा याचंच फळ. त्यामुळे निदान करताना आधी केबल आणि सगळ्या वायरी काढून, टीव्ही एकटा चालवून बघा. पट्टे गेले, तर टीव्ही निर्दोष आहे. वायरी जोडताना दोन्ही उपकरणांच्या पिना काढून ठेवायच्या, हे घरच्यांना जाता जाता सांगा. एका वाक्याचं काम आहे.

नव्या टॉवरांत राहायला गेलेल्यांना वाटतं, की ही चाळीची दुखणी आहेत. तिथे अर्थिंग असतं, एमसीबी असतात, वायर नवी असते. पण घाईत आवळलेले स्क्रू तिथेही ढिले निघतात आणि जनरेटरवर जाता-येताना बसणारे झटके तर तिथेच जास्त. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली आणि मग टप्प्याटप्प्याने भागाभागांत परत आली. अशा वेळी पिना काढून ठेवायच्या आणि वीज आल्यावर दहा मिनिटं थांबून लावायच्या, ही साधी सवय चाळीला आणि टॉवरला सारखीच हवी.

तंत्रज्ञहो, तुमच्यावरचा ताण मला दिसतो. परळहून गिरगावला, गिरगावहून दादरला, अवजड पिशवी घेऊन जिने चढायचे. कॉल लवकर बंद करा म्हणून मोबाइलवर निरोप येत असतात. सॉकेट मोजण्यात आणि फ्रिज सुरू होईपर्यंत थांबण्यात जो वेळ जातो, त्याचे पैसे तुम्हाला कुणी देत नाही. म्हणून पुढचं बोलणं कंपन्यांशी आहे.

कंपन्यांनी जॉब शीटवर विजेच्या मोजमापासाठी जागा छापावी. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, असे तीन आकडे. शक्य असेल तर तेच आकडे घरातलं मोठं उपकरण चालू करून पुन्हा घ्यावेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा फार जास्त दिसले, तर कुठेतरी सांधा किंवा वायर भार सोसत नाही, हे तिथल्या तिथे कळतं. अर्थिंगच नसेल तर मीटरवर स्थिर न राहणारा भलताच आकडा येतो, तोही लिहावा. हे भरल्याशिवाय बोर्ड बदलण्याची आणि वॉरंटी नाकारण्याचीही परवानगी नसावी. प्रत्येक तंत्रज्ञाला चांगला मल्टीमीटर द्यावा आणि या तपासणीचा वेळ त्याच्या मोबदल्यात धरावा. काढलेला बोर्ड ग्राहकाला दाखवावा, नेमका कुठला भाग गेला आणि कशाने, हे मराठीत लिहून द्यावं.

आणखी एक. टीव्ही सुरू होत नाही तेव्हा पुढचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. अनेक संचांत किती वेळा लुकलुकतो त्यावरून दोष पॉवर सप्लायचा, बॅकलाइटचा की मेन बोर्डचा, हे कळतं. तो तक्ता दुरुस्तीच्या पुस्तिकेत असतो, ग्राहकाच्या माहितीपुस्तिकेत क्वचितच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, ते अशीच माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. हा तक्ता प्रत्येक मॉडेलसाठी मराठीसह भारतीय भाषांत द्यावा. लॅमिंग्टन रोडवरच्या छोट्या दुकानातल्या कारागिराला आणि चाळीतल्या वायरमनलाही तो मिळायला हवा, कारण वॉरंटी संपल्यावर आमचा टीव्ही शेवटी तेच वाचवतात.

यातली कुठलीही मागणी खर्चिक नाही. गणपतीचे दिवस जवळ आले की आमच्याकडे घरोघरी वापर वाढतो, पाहुणे येतात, आणि ज्या वयस्कर माणसांना गर्दीत दर्शनाला जाता येत नाही, ती टीव्हीवर आरती बघतात. त्याच्याआधी तीन आकड्यांची ही जागा तुमच्या जॉब शीटवर यावी, असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे पुढचा तंत्रज्ञ आला, की मी त्याला आधी सॉकेट दाखवणार आहे आणि आकडे लिहिल्याशिवाय सही करणार नाही. आमच्या मजल्यावरच्या बायकांनीही हेच ठरवलं आहे.



आपली,
लालबागमधल्या एका चाळीतली रहिवासी